न घेतलेलं नाव

नूरमहंमद मुलाणी बोकड कापताना नेमकं काय पुटपुटतो, हे आमच्या शिरसवाडीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी कधी विचारलंही नव्हतं. तो देवाचं नाव घेतो एवढं पुरे होतं. मरीआईचा बोकड असो, लग्नाचं मटण असो, नाहीतर पाहुण्यासाठी धरलेला कोंबडा असो, सुरी नूरच्या हातचीच लागे. त्याने सुरी टेकवली, ओठ हलवले, हात फिरवला, की पुढे कुणीही सोलावं आणि कुणीही शिजवावं. नाव न घेतलेलं मटण पाटलाच्या घरी चालत नसे, आणि पाटलाला न चालणारी गोष्ट आपल्याला चालवून घ्यायची हिंमत बाकीच्यांत नव्हती. असं का, म्हणून विचारलं तर म्हातारे म्हणत, "रीत हाय." आमच्या गावात अडलेल्या प्रत्येक प्रश्नाला हे एकच उत्तर होतं.

नूरचा आवाज मुळातच बारीक. बायकोला हाक मारली तरी ती दाराबाहेर ऐकू जात नसे. त्यामुळे सुरी फिरवताना त्याचे ओठ हलताना दिसत, शब्द कुणाच्या कानी पडत नसत. तरी सगळं गाव त्या ओठांच्या भरवशावर जेवत असे.

गावकुसाला लागून त्याचं दोन खणांचं घर होतं. बायको हमिदा सोनईची. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, दर्गे झाले, अंगारे झाले, आणि सगळ्यांनी आशा सोडल्यावर रज्जाक झाला. पोरगं बापासारखंच मऊ निघालं. एकदा शेळी व्याली आणि मेली, तर त्याने करडाला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं. काळंभोर करडू, कपाळावर पांढरा ठिपका. त्याचं नाव ठेवलं चांद्या. चांद्याचा बोकड झाला तरी रज्जाकच्या अंथरुणात शिरायचा. "मुलाण्याच्या दारात बोकड म्हातारा होतोय," म्हणून गाव हसायचं, आणि नूरही हसायचा.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे पटकी आली. ओढा आटला होता आणि निम्मं गाव एकाच विहिरीचं गढूळ पाणी पीत होतं. दोन-तीन माणसं गेल्यावर लोक घरं सोडून रानात पांगले. तालुक्याहून सुई टोचणारे आले, तेव्हा अर्धे बाप्ये कडब्याच्या गंजीमागे दडून बसले. यमाला न भिणारे सुईला भ्याले. मीही त्यातलाच, पण ते राहू द्या.

छगन गेला तो भर दुपारी. त्याची बायको गोजरबाई. पोटी मूलबाळ नाही. छगनचे दोन सख्खे भाऊ पलीकडच्याच बांधाला झोपड्या घालून राहिले होते. गोजरबाई बांधावर उभी राहून त्यांना हाका मारत राहिली. "वैनी, लेकराबाळाचं घर हाय आमचं," एवढं थोरल्याने लांबून ओरडून सांगितलं आणि मग तिकडून कुणी बोललंच नाही.

ही गोष्ट नूरच्या कानावर गेली तेव्हा तो उठला. हमिदा दारात आडवी आली.

"आपल्यालाबी एकच हाय," ती म्हणाली.

"मानूस उन्हात पडलाय हमिदे. कुनी जाईना म्हनून तर आपन जायाचं," नूर म्हणाला. "वर बघनारा हाय ना. तो आपलं वंगाळ कसं करील?"

तो गेला. छगनचीच बैलगाडी जुंपली. नूर आणि गोजरबाई, दोघांनीच प्रेत उचलून गाडीत घातलं आणि ओढ्याकाठी नेलं. लाकडं नूरने रचली, अग्नी गोजरबाईने दिला. मग नूरने अंगावरचे कपडे तिथेच जाळले, डोहात उरलेल्या पाण्याने अंग घासून घासून धुतलं आणि ओल्या पंच्यावर घरी आला. जेवढी काळजी माणसाला घेता येते तेवढी त्याने घेतली होती.

दुसऱ्या दिवशी रज्जाकला उलट्या सुरू झाल्या.

हमिदा टेकडीवरच्या पीराकडे अनवाणी धावत गेली. चौथऱ्यावर डोकं आपटून नवस बोलली, "माजं लेकरू वाचव. चांद्या तुजा." आणि तशीच खाली पळत सुटली. ज्याचा आवाज कधी दाराबाहेर गेला नव्हता, त्या नूरची हाक तिला टेकडीच्या निम्म्यावर ऐकू आली. तो रज्जाकला हाका मारत होता. हमिदा तिथेच दगडावर बसली. खाली जायची घाई संपली होती.

पोराला माती देऊन नूर घरी आला, तेव्हा चांद्या दारात खुंट्याला बांधलेला होता आणि रज्जाकसाठी बें बें करत होता. नूर त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"बकरी ईदला माजा बा सांगायचा," तो म्हणाला. हमिदाला सांगत होता की बोकडाला, कोण जाणे. "बापानं पोराच्या गळ्यावर सुरी ठिवली, आनि डोळं उघडून बघतोय तर पोराच्या जागी दुंबा मेंढा. वरून धाडलेला. माज्या दारात तर बोकड बांधलेलाच हुता. धाडायचीबी तोशीस नव्हती. त्यानं बोकड सोडला आनि पोरगं नेलं."

हमिदाकडे याला उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर कुणाकडेच नव्हतं, आणि आज इतक्या वर्षांनी माझ्याकडेही नाही.

गावाकडे मात्र उत्तरं ढीगभर होती. कुणी म्हणालं, परोपकार अंगाशी आला. कुणी म्हणालं, नशिबाचे भोग. छगनच्या थोरल्या भावाने तर समाचाराला येऊन "देवाला आवडतं ते लौकर जातं" असं ऐकवलं, आणि त्याची चारही पोरं मागे अंगणात विटीदांडू खेळत होती. भावाला खांदा न देणाऱ्याची चारही धडधाकट आणि खांदा देणाऱ्याचं एकुलतं एक मातीत. नूरने त्या पोरांकडे पाहिलं आणि पाणी प्यायला म्हणून आत गेला. तो बाहेर आलाच नाही.

त्या दिवशी त्याने नमाजाची चटई गुंडाळली आणि कणगीवर टाकली. दर गुरुवारी टेकडीवर दिवा लावायला तोच जायचा, तेही सोडलं. त्याने कुणाला शिव्या दिल्या नाहीत की छाती पिटली नाही. बोलायचा त्याहून कमी बोलू लागला, एवढंच. हमिदा गुरुवारी दिवा घेऊन एकटी टेकडी चढू लागली.

आषाढ लागला. पटकी ओसरली होती. मरीआईचा राग शांत झाला म्हणून गावाने मोठी जत्रा धरली. घरोघरचे बोकड देवळापुढे ओळीने आणले. ज्याने त्याने आपला बोकड धरायचा आणि नूरने सुरी फिरवत पुढे जायचं. पहिला बोकड मच्छिंद्र पाटलाचा. नूरने सुरी टेकवली आणि क्षणभर त्याचा हात थबकला. मग ओठ घट्ट मिटून त्याने सुरी ओढली. दुसऱ्याला तो थबकलासुद्धा नाही. तिसरा गोजरबाईचा होता. तिच्याकडे दुसरं माणूस नव्हतं, तेव्हा बोकडाची मान तिनेच धरली होती. तो पुढ्यात वाकला तेव्हा तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली मान घातली.

बाकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. ढोल वाजत होते, हलगी कडाडत होती, आणि नूरच्या ओठांकडे बघायची गरज गावाला कधी पडलीच नव्हती.

मानाचा वाटा घेऊन नूर घरी आला. हमिदाने किती दिवसांनी चूल नीट पेटवली, कांदा भाजला, मसाला वाटला. तिला वाटलं, माणूस कामाला लागला, आता सावरेल. तिने ताटली वाढून त्याच्यापुढे ठेवली आणि दुसरी स्वतःसाठी घेतली. ती पहिला घास तोंडाशी नेणार, तोच त्याने तिचं मनगट धरलं.

"खाऊ नको."

"का?"

"नाव न्हाई घेतलं."

हमिदाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचा हात ताटलीतच राहिला. "ह्याच बोकडाला?"

"एकालाबी न्हाई."

"आवो, समदं गाव जेवलं की! पाटील जेवला, म्हातारी-कोतारी जेवली..."

"जेवू दे. कुनाच्या पोटात दुखलं?" त्याचा आवाज तसाच बारीक होता, पण तिला त्याची भीती वाटली. "नाव घेतलं काय आनि न घेतलं काय, मटन तेच लागतं. उभ्या जन्मात मी एक खेप चुकलो न्हाई. त्याचं फळ काय मिळालं? ज्यानं माजं ऐकलं न्हाई त्याचं नाव मी का घेऊ?"

"मग मला तरी का अडीवलं?"

नूरने आपलीही ताटली बाजूला सारली. गावाला खाऊ घालताना त्याचा हात कापला नव्हता, बायकोच्या घासाला मात्र कापला.

हमिदाने भांडं उचललं, घरामागे नेलं, खुरप्याने खड्डा केला आणि सगळं कालवण पुरून टाकलं. परत येऊन चुलीपुढे बसली.

"गावानं कदी तुमच्या तोंडाकडं बघितलं न्हाई," ती म्हणाली. "डोळं झाकून खाल्लं."

मग मात्र तिला दुसरं आयुष्यच जगावं लागलं. विहिरीवर बाया जत्रेच्या मटणाच्या गोष्टी सांगत आणि ही घागर भरत खाली मान घालून ऐके. कुणाकडे बारसं झालं, कुणाच्या बांधावर सालाबादचं देवाचं जेवण झालं, आणि प्रत्येक ठिकाणी नूर ओठ मिटून सुरी फिरवून आला. त्याने सांगायची गरज नव्हती. त्याच्या परत येण्यावरूनच तिला कळे. तिने मटण सोडलं. दाढ दुखते म्हणाली. तिची दाढ इतके महिने दुखत राहिली की वैदूसुद्धा लाजला असता. पण बोलायची कुणाला? नवऱ्याचं उघडं केलं तर त्याची मुलाणकी जाणार आणि गाव त्याला जवळ उभं करणार नाही. झाकलं तर रोज कुणाच्या तरी ताटात ते पडणार. वर अल्ला बघतोय, खाली गाव खातंय, आणि मधे आपण एकटीच जागी, असं तिला वाटे.

नूरही काही सुखात नव्हता. रागाने माणूस भरतो म्हणतात, हा वाळत चालला. सुरी लागेल त्याहून जास्त घासत बसे. चांद्याला तो विकत नव्हता, चारा घालत नव्हता, हातही लावत नव्हता. घरात येता-जाता बोकडाला वळसा घालून जाई.

गोजरबाई अधूनमधून यायची. पदराखाली भाकरी, नाहीतर शेवग्याच्या शेंगा आणायची आणि उंबऱ्यावर बसायची. नूर घरात असला तर मुद्दाम जास्त वेळ बसायची. बोलायची काहीच नाही. तिच्या मनात काय आहे हे हमिदाला कळत नव्हतं, आणि विचारायला तिच्याकडे बळ नव्हतं. "ही सारकी कशापायी येती?" नूरने एकदा विचारलं. "तुमीच इचारा," हमिदा म्हणाली. त्याने विचारलं नाही.

होळी झाली की टेकडीवरच्या पीराचा उरूस भरतो. पीरावर पांघरायचा पहिला गलेफ पाटलाचा, मग बाकीच्यांचे. नवस फेडणारे बोकड घेऊन येतात, पिकाचे, गुरांचे, पोरांचे नवस. उरूस आठवड्यावर आला तेव्हा हमिदा म्हणाली, "चांद्या द्यायचा हाय."

नूर सुरीवरून मान वर न करता म्हणाला, "नवस फळला तर फेडायचा असतो. आपला फळला न्हाई. त्यानं त्याचं केलं न्हाई, आपन आपलं का करायचं?"

"तवा मी सौदा कराया गेल्ते. हे दे, ते घे. चुकलं माजं." हमिदाने हे बरेच दिवस मनात घोळवलं असावं, कारण ती अडखळली नाही. "आता काय मागायचं ऱ्हायलंच न्हाई. आता नुसतं द्यायचं."

"येडी झालीस तू."

"झाले आसंन. पन रज्जाकच्या नावाचा बोकड उरुसाला जानार."

"मी न्हाई कापनार."

"तुमी कापूच नका," हमिदा म्हणाली. "नाव घेनार नसाल तर माज्या लेकराच्या बोकडाला हात लावू नका. रशीदला सांगावा धाडलाय म्या."

रशीद तिचा भाऊ, सोनईचा मुलाणी. नूरचा हात सुरीवरच थांबला. परगावच्या मुलाण्याने येऊन शिरसवाडीच्या उरुसात सुरी धरायची, म्हणजे इथला मुलाणी एक तर मेला किंवा मेल्यात जमा झाला. हे त्याला कळत होतं आणि हमिदालाही कळत होतं. ती तोंड फिरवून रडायला लागली, पण सांगावा परत घेते असं म्हणाली नाही.

उरुसाच्या दिवशी टेकडी माणसांनी फुलली होती. मलिद्याचा वास, रेवड्यांचे ढीग, झेंड्याखाली ताशा. हमिदा चांद्याला दोरीने धरून वर आली. मागे रशीद होता, काखेत कापडात गुंडाळलेली सुरी. आणि सगळ्यांच्या मागे, हात मोकळे सोडून, नूर. तो का आला होता हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मच्छिंद्र पाटलाने रशीदला ओळखलं. "काय गं हमिदा, सोनईचा मुलाणी कशापायी? आपला वारला का काय?"

लोक हसले. हमिदा दोरी बोटाला गुंडाळत उभी राहिली. "भैनीनं बोलीवलं म्हनून आलो," एवढंच रशीद म्हणाला.

मग गर्दीतूनच कुणीतरी बाई म्हणाली, "आवो पाटील, पोराचा बोकड हाय त्यो. बापाचा हात कसा उठंल?" आणि सगळ्या टेकडीवर "अरेरे" झालं. पाटलानेही मान हलवली. दोघा-तिघांनी तर नूरच्या पाठीवर हात ठेवला. एवढी सुरेख सबब गावाने स्वतःहून त्याच्या हातात दिली होती. त्याने फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यात तो पटाईत होताच.

पण पाठीवरचे ते हात त्याला सोसेनात.

"न्हाई," तो म्हणाला. "तसं न्हाई."

कुणाला ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने. "पाटील, मी नाव घेत न्हाई. आखाडापासनं घेतलं न्हाई. मरीआईच्या बोकडांना न्हाई, लग्नाच्या न्हाई, कुनाच्याच न्हाई. नुसती सुरी फिरीवली. म्हनून हिनं भावाला आनलं."

ताशा वाजवणाऱ्याला काही कळलं नव्हतं, तो वाजवतच राहिला. कुणीतरी त्याचा हात धरला. पाटलाचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "म्हंजी आमी समदे... माजी आई आखाडात जेवली, नूर. त्येच तिचं शेवटचं जेवान." एका म्हाताऱ्याने थुंकून तोंड पुसलं. मागून एक तरणा पोरगा ओरडला, "गाव बाटीवलं मुलाण्यानं!" आणि चार जण पुढे सरकले. नूर जागचा हलला नाही. मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला त्याच्याकडे बघून वाटलं.

"बाटायचंच आसंल तर आदी मी बाटले," गोजरबाई म्हणाली.

ती गर्दीतून कोपरांनी वाट काढत आली. नवरा गेल्यापासून ती चारचौघांत बोललेली कुणी ऐकली नव्हती.

"माजा बोकड म्याच धरला हुता. मान माज्या हातात आनि ह्याचं तोंड माज्यापुढं. ओठ हललं न्हाईत. म्या बघितलं."

"आनि गप ऱ्हायलीस?" पाटील म्हणाला. "वर जेवलीस?"

"जेवले की. म्हनलं, आज रुसलाय. उद्या घेईल." तिने पाटलाकडे असं पाहिलं की त्यालाच अपराध्यासारखं झालं असावं. "माज्या घरी मानूस पडलं तवा तुमी समदे कुटं हुता पाटील? ज्यानं माज्या धन्याला उचललं त्यो नाव टाकून जाईल कुटं? आज न्हाई घेतलं, उद्या घेईल. म्या तेवढ्यावर खाल्लं."

छगनचे भाऊ गर्दीत मागे मागे सरले.

मग ती नूरकडे वळली आणि तिचा आवाज खाली आला. "बाबा, तुजं लेकरू माज्या दारातनं गेलं. मी तुज्या उंबऱ्यावर येऊन बसायची ती काय भाकर द्यायला न्हाई. आज शिव्या देशील, उद्या देशील, हाकलून लावशील, म्हनून यायची. तू येक शबुद बोलला न्हाईस. माज्यावरचा राग समदा त्याच्यावर काढलास." तिने वर बोट केलं. "काढ. त्याला सोसतोय. मला सोसला नसता. पर मानसानं मानसाशी अबोला धरला तर येकजन दुसऱ्या दारी तरी जातोय. त्याच्याशी अबोला धरून तू कुनाच्या दारी जानार?"

नूरची नजर चांद्याकडे गेली. एवढ्या गोंधळात बोकडाने कुणाच्या तरी गलेफावरच्या झेंडूच्या माळा खायला घेतल्या होत्या, आणि दोरी हमिदाच्या हातातून कधीच सुटली होती. नूर पुढे गेला. किती महिन्यांनी त्याने चांद्याच्या मानेवर हात ठेवला. बोकडाने झेंडू सोडला आणि त्याचा तळवा चाटला, रज्जाकचा चाटायचा तसा. नूर तिथेच गुडघ्यावर बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. पोराला माती देतानाही तो असा रडला नव्हता.

पुढे सरकलेले चौघेही उभेच राहिले.

थोड्या वेळाने नूरने हात पुढे केला. रशीदने कापड सोडून सुरी त्याच्या हातात दिली. हमिदाने चांद्याला पाणी पाजलं, त्याचं तोंड पुसलं आणि मान धरली. नूरने सुरी टेकवली. ओठ उघडले, पण आवाज येईना. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले.

"राग आसंल तर रागानं घ्या," हमिदा हळूच म्हणाली. "पन घ्या."

आणि नूरमहंमद मुलाण्याने नाव घेतलं. "बिस्मिल्लाह!" पोराला मारलेल्या हाकेसारखंच ते निघालं, फाटलेलं आणि मोठं, आणि टेकडीखालच्या गाडीतळापर्यंत ऐकू गेलं. "अल्लाहु अकबर!" सुरी फिरली. हमिदाने डोळे मिटून घेतले, पण मान सोडली नाही.

गावाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, मुलाणी काय म्हणतो ते. आम्हाला वाटत होतं काहीतरी लांबलचक मंत्र असेल. "येवढंच?" असं माझ्याशेजारचा म्हणालासुद्धा. पण तो कुजबुजतच म्हणाला.

त्याचा राग गेला, असं मी म्हणणार नाही. मरेपर्यंत रज्जाकचं नाव निघालं की तो तोंड फिरवायचा, आणि दुंब्याच्या गोष्टीला उत्तर त्याला मिळालं नाही ते नाहीच. पाटील त्याच्याशी पुढे कितीतरी दिवस बोलला नाही, आणि ते चुकीचं होतं असंही मला वाटत नाही. चटई मात्र कणगीवरून खाली आली.

त्या दुपारी झाडाखाली मोठ्या पातेल्यात चांद्याचं मटण शिजलं. पंगत बसायला कुणी पुढे येईना. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे होते. गोजरबाईने पत्रावळ ओढली, पदर खोचला आणि पहिली बसली. मग दोघी-तिघी बाया बसल्या, मग पोरं. पाटील बसला नाही, पण उठून गेलाही नाही.

नूर लांब, चौथऱ्याच्या कडेला बसला होता. आषाढापासून त्याने मटणाचा तुकडा तोंडात घातला नव्हता. हमिदा खात नाही म्हणून तोही खात नव्हता. तिने पत्रावळीत भाकरी आणि थोडं कालवण घेतलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. लहान पोराने विचारावं तसं त्याने विचारलं, "खाऊ?"

"खावा," हमिदा म्हणाली. "नाव घेतलंय. म्या ऐकलं."